एलिचपूरची केस: वऱ्हाडची राजधानी तालुक्याचं ठिकाण कशी झाली

१९०१ ची जनगणना घ्या. एलिचपूर शहर २६,०८२ माणसांचं, अमरावती ३४,२१६ चं. फरक आहे पण लय मोठा नाही, दोन्ही जिल्ह्याची ठिकाणं, दोन्ही कापसाची गावं. चार वर्षांनी, ऑगस्ट १९०५ मध्ये, वऱ्हाडची नव्यानं मांडणी झाली, सहा जिल्हे ठरले आणि एलिचपूर जिल्हा सरळ अमरावतीत मिळवून टाकला. तेव्हापासून एकेकाळची वऱ्हाडची राजधानी तालुक्याचं ठिकाण आहे ते आजपर्यंत. आता नाव अचलपूर.

ही केस मांडायचं कारण सांगतो. गावातल्या अभ्यासिकेत मी स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींना इतिहास शिकवतो. बहमनी राज्य फुटून झालेल्या पाच शाह्या सगळ्यांना पाठ असतात, आदिलशाही विजापूर, निजामशाही अहमदनगर (आता अहिल्यानगर), कुतुबशाही गोवळकोंडा, बरीदशाही बीदर, इमादशाही वऱ्हाड. एका पोरीनं विचारलं, "सर, बाकीच्या राजधान्या आजबी जिल्हे हाये, अहमदनगर हाये, बीदर हाये, विजापूर हाये, मंग आपलंच काऊन गेलं?" प्रश्न एकदम बरोबर आहे. गोवळकोंडा हैदराबादच्या पोटात आहे म्हणजे त्याचंही राजधानीपण एका अर्थानं चालूच राहिलं, पाचातलं एकटं अचलपूर असं मागं पडलं. याचं उत्तर परीक्षेच्या पुस्तकात एका जागी भेटत नाही, तुकड्या-तुकड्यात आहे, म्हणून इथं एकत्र लावून ठेवतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो म्हणजे वाचताना तुम्हाला तपासता येईल. अचलपूर कोणी जाळून, लुटून संपवलं नाही. ज्या कारणासाठी ते राजधानी झालं ते कारणच पुढं उरलं नाही, आणि नवीन कारण आलं ते दुसऱ्या रस्त्यानं गेलं.

जागा कोणती अन् तीच काऊन

नकाशा काढा आणि सातपुड्याचा पायथा पाहा. सापन आणि बिच्छन या दोन नद्या मेळघाटातून खाली येतात, त्यांच्या मधे हे शहर. उत्तरेला डोंगर भिंतीसारखा उभा, दक्षिणेला पूर्णेपर्यंत सपाट काळी जमीन. डोंगरावर गाविलगड, पश्चिमेला त्याच रांगेत नरनाळा. माळव्यातून किंवा नर्मदेकडून कोणाला वऱ्हाडात उतरायचं असेल तर घाट उतरून पहिलं मोठं गाव हेच लागते, म्हणजे इथं बसलेला माणूस उत्तरेचा दरवाजा धरून बसलेला असतो.

गावाची सुरुवात म्हणून ईल राजाची कथा सगळे सांगतात, तो जैन राजा होता, त्यानं नगर वसवलं, मग शाह रहमान गाझीशी त्याची लढाई झाली, १०५८ साल सांगतात. दर्गा आहे, श्रद्धा आहे, मुक्तागिरीच्या जैन मंदिरांशीही ईल राजाचं नाव जोडलेलं आहे, आणि ते सगळं आपल्या भागाच्या आठवणीत इतकं घट्ट आहे की ते खोडत बसायची काही गरज नाही. पण गाव त्याच्याही आधीचं आहे. तिवरखेडला सापडलेल्या ताम्रपटात राष्ट्रकूट घराण्याच्या नन्नराजानं अचलपुरातून दान दिल्याची नोंद आहे, हे विदर्भातलं राष्ट्रकूट घराणं मान्यखेट राजधानी असलेल्या मोठ्या राष्ट्रकूटांच्या आधीचं. तर राज्यकर्त्यांचं ठाणं म्हणून या गावाचा पत्ता मुसलमानी काळाच्या कितीतरी आधी कागदावर, म्हणजे तांब्यावर, आलेला आहे.

आता दरवाजा म्हणजे काय ते १२९६ मध्ये दिसते. (जुन्या इंग्रजी गॅझेटियरात १२९४ छापलेलं दिसेल, १२९६ धरा.) अलाउद्दीन खलजी उत्तरेतल्या कडा नावाच्या ठाण्याहून निघाला, विंध्य-सातपुडा ओलांडून उतरला तो एलिचपुरावर, इथं थोडं थांबला आणि तिथून देवगिरीवर गेला. रामदेवराय यादवाला गाठलं, खंडणी ठरली, आणि तहात कबूल काय केलं तर एलिचपूरचा वसूल दरवर्षी पाठवायचा. त्याला सोनं-नाणं भेटलंच होतं, तरी वरून याच गावाचा वसूल मागितला, कारण पुन्हा यायचं झालं तर रस्ता इथूनच होता. १३१८ पर्यंत कारभार हिंदू अंमलदारांच्या हाती राहिला, मग यादवांचं राज्यच संपलं आणि प्रांत थेट दिल्लीच्या ताब्यात गेला.

१३४७ ला बहमनी राज्य उभं राहिलं तेव्हा त्याचे चार तरफ म्हणजे प्रांत होते, गुलबर्गा, दौलताबाद, बीदर आणि वऱ्हाड. वऱ्हाडचं काम होतं माळवा आणि सातपुड्यातल्या खेरला राज्याच्या बाजूनं येणारी फौज अडवणं. १४२५ च्या सुमारास अहमदशाह बहमनी स्वतः एलिचपुरात येऊन राहिला, गाविलगड बांधला, नरनाळा दुरुस्त केला. गड आधीपासून गवळ्यांचा होता असं आपल्याकडं म्हणतात, नावही तेच सांगते, पण दगडी किल्ला म्हणून त्याचं काम बहमनीचं. सुलतान राजधानी सोडून इतके दिवस इथं येऊन बसतो यावरून उत्तरेची भीती किती होती ते समजा.

मग येतो फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क. माझ्या मते अख्ख्या वऱ्हाडच्या इतिहासातला हा सगळ्यात दुर्लक्षित माणूस आहे आणि पोरांना मी त्याच्याबद्दल मुद्दाम जास्त सांगतो. विजयनगरकडच्या ब्राह्मण घरातला पोरगा, लहानपणी लढाईत पकडला गेला, मुसलमान म्हणून वाढला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या चाकरीत चढत चढत स्वतः सुभेदार झाला. बहमनीचा वजीर महमूद गवान यानं वऱ्हाडचे दोन भाग केले, गाविल आणि माहूर, त्यातला गाविलचा भाग याच्याकडं आला. १४८१ ला गवानला मारलं, बीदरचं दरबारी राजकारण सडलं, आणि १४९० च्या आसपास निजामशाही-आदिलशाहीच्या बरोबरीनं फत्तेउल्लाही स्वतंत्र झाला. राजधानी एलिचपूर.

त्याचं काम पाहायचं असेल तर गाविलगडावर जा, चिखलदऱ्यापासून जवळच आहे. दरवाज्यापाशी थांबून मान वर करा. गंडभेरुंड कोरलेला आहे, दोन तोंडांचा पक्षी, त्याच्या तावडीत हत्ती. हे चिन्ह विजयनगरच्या बाजूचं. एक पोरगा घरापासून तुटतो, धर्म बदलतो, नाव बदलते, चाळीस-पन्नास वर्षांनी वऱ्हाडचा मालक होतो आणि त्याच्या काळात गडाच्या दरवाज्यावर त्याच्या मुलखाचा पक्षी बसतो. ते त्यानं सांगून कोरून घेतलं का कारागिरांनी आणलं, काहीही असो, दगड समोर आहे. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा त्याचाच, १४८७ चा, पांढरट दगड, कमळं, सज्जे आणि वर अरबी अक्षरांचा लेख. इतका देखणा दरवाजा वऱ्हाडात दुसरा नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

पण एक पॉइंट धरून ठेवा. त्याचं मोठं बांधकाम सगळं गडांवर आहे. खाली शहराजवळ इमादशाहीची मानतात अशी एक वास्तू म्हणजे हौज कटोरा, तळ्याच्या मधोमध उभी असलेली अष्टकोनी मजल्यांची इमारत, कमानींवर कमानी, आज पाणी नसते तेव्हा चालत जाता येते. ती आरामाची, मौजेची जागा. लढायची जागा वर, राहायची जागा खाली, अशी वाटणी होती.

राज्य गेलं कुठं अन् कसं

इमादशाही साधारण ८४ वर्षं टिकली. या घराण्याचं दुखणं असं की राजधानी उत्तरेच्या कोपऱ्यात आणि भांडण नैर्ऋत्येला. माळव्याची भीती कमी होत गेली आणि खरा दुश्मन निघाला अहमदनगरचा निजामशाहा. पाथरीवरून पेटलं. पाथरी आजच्या परभणी जिल्ह्यात, निजामशाही घराण्याचं ते मूळ गाव, पण होतं वऱ्हाडच्या हद्दीत. १५१८ ला बुऱ्हाण निजामशाहानं ते घेतलं. अल्लाउद्दीन इमादशाहानं परत मिळवायला धडपड केली, शेवटी गुजरातच्या बहादुरशाहाला मदतीला बोलावलं. आता एलिचपुरात बसून पाथरी सांभाळायची म्हणजे अख्खं वऱ्हाड आडवं ओलांडून फौज न्यायची. राजधानी बदलायचा विचार कोणी केला नाही, कारण दोन्ही मोठे गड इथं आणि खजिना गडावर.

जागल्याची मचाण शेताच्या धुऱ्यावरच पाहिजे, तिथूनच रानडुक्कर दिसते, पण घर कोणी धुऱ्यावर बांधत नाही. एलिचपूर ही वऱ्हाडची मचाण होती आणि इमादशाहांनी तिथंच घर केलं, असं मला वाटते.

१५६५ ला तालिकोटची लढाई झाली, बाकीचे चार सुलतान विजयनगरवर गेले, वऱ्हाड गेलं नाही. अहमदनगरवरचा राग हे कारण. त्याच सुमारास घरातही वाट लागली होती, बुऱ्हाण इमादशाहा लहान, त्याचा वजीर तुफालखान सगळा कारभार बळकावून बसला आणि शेवटी राजालाच नरनाळ्यावर कैदेत टाकलं. मुर्तजा निजामशाहाला निमित्त भेटलं, धन्याला सोडवायला आलो म्हणत तो आला, १५७४ पर्यंत नरनाळा पडला, गाविल पडला, तुफालखान पकडला गेला, आणि ज्याला सोडवायला आले होते त्या बुऱ्हाणलाही कैदेतच टाकलं, तिथंच सगळे मेले. इमादशाही संपली. पाहा, शेवटची झुंज झाली ती गडांवर, राजधानीत नाही. म्हणून शहर शाबूत राहिलं.

पुढं १५९६ ला चांदबीबीनं तहात वऱ्हाड मुघलांना दिलं. शाहजादा मुराद सुभेदार म्हणून आला आणि बसला कुठं तर बाळापूरला, आणि बाळापूरजवळ शाहपूर वसवलं. हा पहिला झटका. अबुल फजल ऐन-ए-अकबरीत एलिचपुरालाच मोठं शहर आणि राजधानी लिहितो, इथं जमिनीलगत उगवणारं एक लय सुवासिक फूल भेटते हेही लिहितो, पण सुभेदाराची गादी बाळापूरकडं सरकली होती. कारण माझ्या हिशेबानं साधं आहे, मुघल आले बऱ्हाणपूरहून, त्यांची सगळी रसद बऱ्हाणपूरवर, मग बऱ्हाणपूरकडच्या वाटेवरचं ठाणं त्यांना सोयीचं. आणि उत्तर दिशा तर आता त्यांचं स्वतःचंच घर, तिकडून येणार कोण. दरवाजा राखायची गरज पहिल्यांदा संपली ती इथं.

दोन धनी

मुघलांचा पुढचा काळ पटकन सांगतो कारण त्यात शहराचं असं वेगळं काही घडत नाही, दुष्काळ, मलिक अंबर, शाहजादे, पुन्हा दुष्काळ. ऑक्टोबर १७२४ मध्ये बुलढाण्याकडं साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्कनं मुघलांचा सुभेदार मुबारिझखानाला मारलं आणि वऱ्हाड निजामाचं झालं. एलिचपुरात निजामाचे पठाण नवाब बसले, सुलतानखान, इस्माईलखान, सलाबतखान, नामदारखान. शहराचं आजचं जे जुनं रूप आपण पाहतो, तट, दुल्हा गेट, वाडे, मकबरे, हे बरंचसं या नवाबी काळातलं. त्यामुळं शहरात "राजधानी" म्हणून जे दिसते ते मुळात राजधानीचं नाहीच, नवाबाच्या ठाण्याचं आहे. फिरायला येणाऱ्यांना हे आवर्जून सांगा.

पण नवाब एकटा मालक नव्हता. नागपूरकर भोसल्यांचा वऱ्हाडच्या वसुलात मोठा वाटा होता, गाविलगड-नरनाळा त्यांच्या ताब्यात. याला दोअमली म्हणत. खाली निजामाचा नवाब, वर डोंगरावर भोसल्यांचा किल्लेदार, आणि मधल्या गावात कुणबी दोघांच्या माणसांना वसूल देऊन राहिलेला. ज्या गावाचे दोन धनी असतात त्या गावात विहीर-रस्ता-पेठ कोणीच मनावर घेत नाही, हे आजही आपल्याला माहीत आहे.

डिसेंबर १८०३

या एका महिन्यात सगळा पट पालटला आणि तो पालटला आपल्या पट्ट्यात, म्हणून इथं जरा थांबतो.

दुसरं इंग्रज-मराठा युद्ध चालू होतं. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला भोसले-शिंद्यांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली तिथून निघाला, ५ डिसेंबरला एलिचपुरात आला आणि अडगावच्या जखमींसाठी दवाखाना इथं लावला. नवाब सलाबतखान निजामाचा म्हणजे इंग्रजांच्या बाजूचा, त्यामुळं शहरात लढाई झालीच नाही. एलिचपूर या युद्धात दवाखाना आणि कोठार होतं, लढाईचं टार्गेट गाविलगड होता.

गड दक्षिणेकडून घेणं अशक्य, सरळ कडा. उत्तरेकडून जावं तर मेळघाटातून फिरून जावं लागते. त्याच्या हाताखालच्या कर्नल स्टीव्हनसनच्या तुकडीनं जवळपास ३० मैल डोंगरातून वाट काढत जड तोफा वर नेल्या. ज्यानं मेळघाटचा रस्ता पायी चालून पाहिलाय त्यालाच समजेल ते काय काम होतं, तोफ म्हणजे लोखंडाचा ओंडका, खाली दरी, रस्ता नाहीच, झाडं तोडून रस्ता बनवत जायचं, बैल थकले की माणसांनी ओढायचं. ते ओढणारे हात आपल्याच देशातले, त्यांची नावं कुठंच नाहीत. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला खिंडार पडलं, फौज आत शिरली आणि आत गेल्यावर पाहते तर काय, आतला दुसरा किल्ला वेगळा, मधे दरी, भिंत सलामत. कॅप्टन कॅम्पबेल नावाच्या अधिकाऱ्यानं ९४ व्या रेजिमेंटची हलकी तुकडी घेऊन दरी उतरून पलीकडच्या चढावरून शिड्या लावल्या, आत उतरून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढत पडला. गड एका दिवसात गेला.

दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, एलिचपूरजवळच्या देवगावात भोसल्यांचा तह झाला आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांचा. मराठ्यांच्या दोन सगळ्यात मोठ्या सरदारांचे तह आपल्या एसटीच्या एका फेरीत बसतील एवढ्या अंतरात झालेत. देवगावच्या तहानं वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाला गेला, गाविलगड-नरनाळा तेवढे भोसल्यांकडं राहिले आणि १८१८ नंतर तेही गेले. आता सातपुड्याच्या अलीकडं निजाम, म्हणजे इंग्रजांचा दोस्त, आणि पलीकडं खुद्द इंग्रज. हद्दच राहिली नाही. १८५८ मध्ये तात्या टोपे इकडं येतील या धास्तीनं इंग्रजांनी गाविलगड निकामी करून टाकला, आणि ज्या गडासाठी हे शहर राजधानी झालं तो गडच हिशेबातून गेला.

गावातले आबाजी लोक या जागी वाद घालतात. एक आबाजी मला म्हणाले, "इंग्रजानं बुडवलं बापू, दुसरं काई नाई." मी म्हटलं, "आबाजी, इंग्रजानं अमरावती वाढवली, अकोला वाढवलं, आपलंच बुडवायचं त्याले काय पडलं होतं?" त्यांचं म्हणणं पूर्ण खोटं नाही, पण बुडवायचा डाव नव्हता, त्यांच्या सोयीत हे गाव बसलं नाही. त्याचा पुरावा पुढं आहे.

छावणी, कापूस अन् रूळ

हैदराबाद कंटिन्जंटची, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रज अधिकाऱ्यांखाली ठेवलेल्या फौजेची, छावणी एलिचपूरला आली पण शहरात नाही, दोन मैल लांब, बिच्छनच्या काठी, तेच परतवाडा. फौज तिकडं म्हणून साहेब तिकडं, साहेब तिकडं म्हणून कचेऱ्या तिकडं, कचेऱ्या तिकडं म्हणून बाजार तिकडं. चिखलदऱ्याचा रस्ता तिथून, मेळघाटचं सागवान तिथं उतरणार, लाकडाचा बाजार तिथं. म्हणजे जी काही नवीन वाढ व्हायची होती तीही जुन्या तटाच्या बाहेर झाली. आजही नगर परिषद एकच आहे, पण एसटी डेपो, दुकानं, गर्दी पाहायची तर माणूस परतवाड्यालाच जाते.

याच्या बाजूला अमरावती ठेवून पाहा. अमरावतीचा परकोट निजाम सरकारनं १८०७ मध्ये बांधायला घेतला, २० ते २६ फूट उंच, सव्वादोन मैलांचा घेर, आणि कशासाठी तर पेंढाऱ्यांपासून श्रीमंत व्यापाऱ्यांना वाचवायला. एलिचपूरचा तट नवाबाला राखत होता, अमरावतीचा तट कापसाच्या पैशाला राखत होता. तो कापूस तेव्हा बैलांच्या पाठीवर लादून पार गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. दोन तट, दोन हेतू, आणि पुढचं शतक पैशाच्या बाजूचं होतं. या एका तुलनेत मला अख्खी केस दिसते.

मे १८५३ मध्ये कंटिन्जंटच्या खर्चाच्या थकबाकीपायी निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिलं. इंग्रजांनी सुरुवातीला ठाणी केली बुलढाणा आणि हिंगोली, मग पूर्व वऱ्हाडला अमरावती आणि पश्चिम वऱ्हाडला अकोला. एलिचपूर यात नाहीच, जुन्या राजधानीचा मान म्हणूनही नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस बंद, मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस पाहिजे, आणि त्याच काळात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे भुसावळहून पुढं सरकत होती. रूळ गेले मलकापूर, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव, वर्धा असे, वऱ्हाडच्या सपाटीतून सरळ, आणि १८६७ ला नागपूरला पोचले. अमरावतीला बडनेऱ्याहून फाटा भेटला. डोंगराच्या पायथ्याचं एलिचपूर त्या रेषेपासून लय वर राहिलं.

आणि त्याच १८६७ मध्ये एलिचपूर वेगळा जिल्हा झाला. कागदावर इज्जत परत आली, पण त्याच वर्षी गाडी दुसरीकडून गेली. जिल्ह्यात तालुके होते एलिचपूर, दर्यापूर आणि मेळघाट. क्षेत्रफळ २,६०५ चौरस मैल, ऐकायला भरपूर, पण त्यात अर्ध्याहून जास्त मेळघाटचं डोंगर-जंगल, महसूल तिथून कितीसा येणार. १९०१ ला अख्ख्या जिल्ह्याची वस्ती २,९७,४०३. कापूस पिकत होता, जिनिंग होत्या, पण गाठी गाडीवर चढवायला बैलगाडीनं खाली न्याव्या लागत. मग १९०२ ला वऱ्हाड इंग्रजांनी निजामाकडून वर्षाला २५ लाखांच्या भाड्यावर कायमचं घेतलं, १९०३ ला मध्य प्रांताला जोडलं, आणि १९०५ ला घर आवरल्यासारखं जिल्हे आवरले. छोटा, जंगलाचा, रेल्वे नसलेला जिल्हा पहिला गेला. मी सरकारी बाबू असतो आणि समोर फक्त आकडे असते तर मीही हेच केलं असतं, हे लिहिताना बरं वाटत नाही पण खरं आहे.

रूळ आले नंतर. मूर्तिजापूर-अचलपूर, ७६ किलोमीटर, नॅरोगेज, खासगी ब्रिटिश कंपनीनं कापसासाठी टाकलेले, आपली शकुंतला. लोकांचं तिच्यावर जीवापाड प्रेम आणि ते बरोबरच आहे, गरिबाची गाडी होती, शाळेची पोरं, भाजीवाल्या बाया, मजूर सगळे तिनंच जात. १९९४ पर्यंत तर वाफेचं इंजिन ओढत होतं. पण केसच्या हिशेबानं पाहिलं तर ती एक तर उशिरा आली, दुसरं म्हणजे लहान गेज म्हणून माल मूर्तिजापूरला उतरवून पुन्हा मोठ्या गाडीत चढवा, आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, ती अचलपूरला येऊन संपत होती. पुढं डोंगर. आता तर तीही बंद पडून आहे आणि ब्रॉडगेजची मागणी चालू आहे.

आता याचं काय करायचं

अचलपूर जिल्हा व्हावा ही मागणी जुनी आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. पण निवेदनं वाचली की पहिल्या ओळीत "ऐतिहासिक राजधानी" असते आणि मला तिथंच खटकते, कारण तो मुद्दा १८५३ ला चालला नाही, १९०५ ला चालला नाही, आज चालेल कशावरून. राजधानीचा मान मागून जिल्हा भेटत नाही.

चालेल असा मुद्दा नकाशात आहे, आणि तो तोच आहे जो खलजीला दिसला आणि अहमदशाहाला दिसला. मेळघाटातून खाली यायचा दरवाजा इथंच आहे. धारणीचा, हरिसालचा, सेमाडोहचा कोरकू माणूस एका दाखल्यासाठी, दवाखान्यासाठी, सुनावणीसाठी अमरावतीला निघतो तेव्हा घाट उतरून आधी परतवाड्यालाच येते, अन् तिथून पुन्हा पन्नासेक किलोमीटर जाते, तेवढंच परत येते. त्याचा दिवस जाते, मजुरी जाते. १८६७ चा एलिचपूर जिल्हा मेळघाट धरूनच बनला होता, आणि महसूल कमी म्हणून जे मेळघाट तेव्हा ओझं वाटलं तेच आज जिल्ह्याचं पहिलं कारण व्हायला पाहिजे. निवेदनाची पहिली ओळ धारणीपासून लिहा, अंतर लिहा, बसच्या वेळा लिहा, किती लोकांना मुक्काम करावा लागते ते लिहा. फत्तेउल्ला, गंडभेरुंड, हौज कटोरा हे सगळं खालच्या परिच्छेदात येऊ द्या, आणि तिथं जरा नीट, तारखा बरोबर घालून येऊ द्या.